घर आमच्या नावावर झालं, पण मागचं दार कोणासाठी होतं?

गेल्या मार्चमध्ये आम्ही घर घेतलं. तालुक्याच्या गावातल्या जुन्या पेठेत, साधारण 90 वर्षांचं, दगडी जोत्याचं, कौलारू आणि माडीचं घर. खरेदीखत माझ्या नावावर आहे. महाराष्ट्रात 2021 पासून महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, तिचा फायदा झाला. त्याहीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, आमच्या घराण्यात बाईच्या नावावर झालेली ही पहिली मालमत्ता. माझ्या आजीच्या नावावर तर रेशनकार्डही नव्हतं.

त्यानंतर चळवळीतल्या अनेकांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, दोघं कमावता, बँक कर्ज देते, मग नवा फ्लॅट सोडून हे पडकं घर कशाला घेतलंत?" या लेखात त्याचं उत्तर देतेच. पण या घरात राहायला आल्यावर मला स्वतःविषयी एक गोष्ट कळली. ती सांगायला सोपी नाही, आणि माझ्यासारख्या नव्यानेच घरमालक झालेल्या सगळ्या बौद्ध मध्यमवर्गाशी तिचा संबंध आहे. खरं तर हा लेख त्या गोष्टीसाठीच लिहिते आहे.

पडकं घरच का?

आम्ही दोन वर्षं घर शोधत होतो. आधी भाड्याने, मग विकत. फोनवर सगळं गोड असायचं. किती खोल्या, पाणी किती वेळ, पार्किंग आहे का, सगळं बोलून व्हायचं. मग शेवटी हमखास प्रश्न यायचा, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव सांगितलं की दोन क्षण शांतता, आणि नंतर "घरात बोलून कळवतो". कळवायचा फोन कधीच आला नाही. एका ठिकाणी तर टोकन देण्याच्या दिवशी कळलं की मालकांचा "विचार बदलला". महिनाभराने तोच फ्लॅट त्याच भावात दुसऱ्याला गेला.

हा माझा एकटीचा अनुभव असता, तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांबद्दल केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. उच्चजातीय नावाला सहज होकार, दलित नावाला त्याहून कमी, आणि मुस्लीम नावाला सगळ्यात कमी, असं चित्र त्यात दिसतं. त्याआधी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सदस्यत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी वैध धरला. म्हणजे 'आमच्यातलेच हवेत' ही भाषा कायद्याच्या कागदातही बसू शकते. आणि 1917 मध्ये बडोद्याला काय झालं ते आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना पारशी नाव सांगून धर्मशाळेत राहावं लागलं, काठ्या घेतलेल्या लोकांनी तिथून बाहेर काढलं, आणि पुढचे तास बागेत झाडाखाली बसून गाडीची वाट पाहावी लागली. बडोदा संस्थानचा अधिकारी, आणि शहरात त्याला एक खोली मिळत नाही. काठ्या गेल्या, पण "घरात बोलून कळवतो" शिल्लक आहे.

मग हे घर समोर आलं. मूळ मालक वारलेले, वारस चार, त्यातले तीन पुण्यात आणि एक परदेशात. सात वर्षं कुलूप. मागच्या खोलीचं छप्पर बसलेलं. जागा अरुंद, त्यामुळे बिल्डरला नको. दलालाने तर तोंडावर सांगितलं, "ताई, ह्या घरात आता आडनाव विचारणारं कोणी राहिलेलं नाही." त्याच्या तोंडून समाजशास्त्राचा एक अख्खा धडा बाहेर पडला. पेठेतली चांगली घरं आम्हाला दाखवलीच जात नाहीत. मालकांना घराची गरज उरली नाही, छप्पर बसलं, भाव पडला, की मग आमच्यासाठी दार उघडतं. म्हणून कोणी "बघा, आता पेठेतसुद्धा घर मिळतं, जात कुठे राहिली" असं म्हणालं, तर त्याला विचारा, की घर कोणत्या अवस्थेत मिळालं?

आधी छप्पर, मग भिंत, रंग शेवटी

तरीही आम्ही ते घेतलं आणि त्याचा पश्चात्ताप नाही. जुनं घर दुरुस्त करताना काय शिकलो ते थोडक्यात सांगते, कारण पुढे आपल्यातले अनेकजण या वाटेने जाणार आहेत.

आमची पहिली चूक रंगाची. बुद्ध पौर्णिमेला परित्राण पाठ ठेवून राहायला जायचं ठरलं, म्हणून घाईघाईने भिंती रंगवून घेतल्या. पाहुण्यांनी कौतुक केलं. जुलैमध्ये तो रंग पापड सुटावा तसा सुटला आणि खाली पांढरा लोणा फुलला. गवंडीमामांनी नखाने भिंत खरवडून दाखवली. आत चुन्यात बांधलेली विटांची भिंत आणि तिच्यावर आधीच्या मालकांनी मारलेला सिमेंटचा गिलावा. चुन्याची भिंत ओल शोषते आणि हवेत सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, मग क्षार बाहेर येतात आणि वीट भुसभुशीत होते. "ताई, भिंतीचं तोंड बांधलं होतं," मामा म्हणाले. खालचा तीन-साडेतीन फुटांचा सिमेंटचा पट्टा काढून पुन्हा चुन्याचा गिलावा केला, तेव्हा कुठे घर सुकायला लागलं.

क्रम असा असायला हवा. आधी छप्पर, कारण वरून पाणी येत असेल तर खालचं सगळं काम वाया जातं. आम्ही मंगलोरी कौलं उतरवून, फुटकी बाजूला काढून, रिपा बदलून पुन्हा बसवली आणि पन्हळ नवी लावली. मग लाकूड. एका तुळईचं भिंतीत गेलेलं टोक वाळवीने पोकळ केलं होतं. सुताराने तेवढंच कापून सागाचा जोड दिला, अख्खी तुळई बदलावी लागली नाही. मग वीज. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग, अर्थिंगचा पत्ता नाही. ती पूर्ण काढली आणि ईएलसीबी बसवला. मग ओल. आणि सगळं झाल्यावर, एक पावसाळा घरात काढून, रंग. पावसाळा पाहिल्याशिवाय जुन्या घरावर मोठा खर्च करू नका. घर कुठे गळतं ते कागदपत्रांत लिहिलेलं नसतं, ते पाऊसच सांगतो.

शेजाऱ्यांचं म्हणाल, तर पहिल्या महिन्यात तीन जणांनी विचारलं, "वास्तुशांत कधी?" एकाने संडास ईशान्येला असल्याचं सांगून तो पाडायचा सल्ला दिला. मी म्हटलं, "काका, ईशान्येचं राहू द्या, छप्पर गळतं त्यावर काही उपाय आहे का?" माजघरात देव्हाऱ्याचा मोठा कोनाडा होता. सासूबाईंनी तिथे बुद्धमूर्ती ठेवायची म्हटलं. माझ्या मुलीने तिच्या शाळेची पुस्तकं आधीच तिथे रचली होती. मूर्ती समोरच्या भिंतीवरच्या फळीवर गेली, पुस्तकं कोनाड्यात राहिली. राजगृह बांधताना पुस्तकांच्या जागेचा विचार करणाऱ्या माणसाला हे पटलं असतं, असं मी सासूबाईंना सांगितलं. त्या हसल्या.

इथवर हा लेख सुखाचा आहे.

गुडघाभर उंचीचं दार

आमच्या परसाच्या मागच्या भिंतीला, जमिनीलगत, गुडघाभर उंचीचं एक दार आहे. गंजलेला पत्रा, बाहेरून कडी. ते एका बोळात उघडतं. बोळ इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला तिरकं व्हावं लागतं. माझ्या सात वर्षांच्या मुलीने विचारलं, "आई, हे दार मांजरासाठी आहे का?"

मला माहीत नव्हतं. गवंडीमामांना माहीत होतं. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "जुना टोपलीचा संडास होता इथं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. पूर्वीच्या पेठांमध्ये घराच्या मागच्या बाजूला उंचावर संडास असे आणि त्याच्या खाली टोपली किंवा डबा. मेहतर समाजातली माणसं, बऱ्याचदा बाया, मागच्या बोळाने येत, हे दार उघडून तो डबा काढत आणि मैला डोक्यावरून वाहून नेत. बाहेरून कडी असण्याचं कारण तेच. त्या माणसाने घरात यायचं नाही, घरातल्या कोणी त्याला पाहायचं नाही. त्या बोळाला अनेक गावांत त्या जातीच्या नावानेच हाक मारत. घराला दोन रस्ते होते. पुढचा पाहुण्यांसाठी, मागचा ज्यांना पाहुणा काय, माणूसही मानलं नाही त्यांच्यासाठी. जात गावाबाहेरच्या वस्तीत दिसते हे आपण शिकलो. पण ती घराच्या नकाशातही असते, विटा-चुन्यात बांधलेली असते, हे मला एम.ए.च्या वर्गात कोणी दाखवलं नव्हतं. ते या दाराने दाखवलं.

हे फार जुनं नाही. मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करायला बर्वे समिती 1949 मध्ये नेमली. केंद्राची मलकानी समिती 1957 ची. डोक्यावरून मैला वाहणं थांबवा असं या समित्यांनी सांगूनही, कोरडे संडास आणि हाताने मैला उचलणं यांवर बंदी घालणारा कायदा यायला 1993 साल उजाडलं. तोही पुरा पडला नाही म्हणून 2013 चा कायदा आला. म्हणजे माझा जन्म झाला तेव्हा ही प्रथा कायद्याने बंदसुद्धा झालेली नव्हती.

आमच्या घरातला टोपलीचा संडास कधीतरी बंद झाला आणि त्याच जागी फ्लशचा संडास व सेप्टिक टँक आली. प्रश्न सुटला असं मला वाटलं.

"दोन पोरं आणतो"

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात संडास तुंबला. पडवीच्या फरशीखालची टाकी गळ्यापर्यंत भरलेली. ती शेवटची कधी उपसली होती, कोणालाच आठवेना. सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी. इथे सात वर्षं तर कुलूपच होतं, आणि त्यापूर्वीचा हिशेब कोणाकडे नव्हता. वरून पावसाचं पाणी आत शिरत होतं.

ठेकेदाराला बोलावलं. त्याने बोळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, गाडी काय इथं येणार नाही. दोन पोरं आणतो. रात्री करू, वास येणार नाही कोणाला. अडीच हजार द्या."

मैला उपसणाऱ्या गाडीसाठी जास्तीचा पाइप जोडायचा तर खर्च त्याच्या तिप्पट-चौपट, आणि गाडीला नंबर लागायला आठ-दहा दिवस. छप्पर, तुळई आणि वायरिंगमध्ये आमचे पैसे संपले होते. घरात सात वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांच्या सासूबाई.

आता जे सांगायचं आहे ते हे, की मी लगेच नाही म्हटलं नाही. मी दोन मिनिटं हिशेब केला. रात्री करतील, सकाळी सगळं नीट असेल, कोणी पाहणारही नाही, असा विचार माझ्या डोक्यात आला. मी, जी वस्त्यांमध्ये जाऊन सफाई कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरते. मी, जिच्या भिंतीवर बाबासाहेब आहेत. नव्वद वर्षांपूर्वी या घराच्या मालकाने जो हिशेब केला असेल, तोच हिशेब मी करत होते. मागच्या दाराने येतील, रात्री येतील, मला दिसणार नाहीत.

माझ्या नवऱ्याने ठेकेदाराला विचारलं, "पोरं कुठली?" त्याने वस्तीचं नाव सांगितलं. त्या वस्तीत मी काम करते. त्या वयाची पोरं मला नावाने ओळखतात.

मी नाही म्हटलं. पण ते वस्तीचं नाव ऐकल्यावर म्हटलं, आधी नाही. वस्ती अनोळखी असती तर काय केलं असतं, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

पुढचे नऊ दिवस घरात संडास नव्हता. पहाटे सार्वजनिक शौचालयात रांग. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना रिक्षाने माझ्या मैत्रिणीकडे न्यावं लागे. चौथ्या दिवशी समोरच्या काकू, ज्यांनी पहिल्याच आठवड्यात आमचं आडनाव दोनदा विचारून घेतलं होतं, स्वतः येऊन म्हणाल्या, "आजींना रिक्षानं कशाला नेता? आमचा संडास वापरा की." माणसं एका साच्यातली नसतात, हेही लिहायलाच हवं. अर्ज केला, पाठपुरावा केला, गाडी आली, मुख्य रस्त्यावर उभी राहिली, आणि काकूंच्याच अंगणातून पाइप टाकून टाकी उपसली. एकही माणूस आत उतरला नाही.

कायदा काय सांगतो, आणि टाकी काय करते

हे भावनेपुरतं नाही, म्हणून नेमकं लिहिते. 2013 च्या कायद्याच्या कलम 7 नुसार कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी कोणालाही गटार वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी लावू शकत नाही. 'कोणतीही व्यक्ती' म्हणजे घरमालकसुद्धा. कलम 9 नुसार पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 च्या निकालात 1993 पासून गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना 10 लाख रुपये द्यायला सांगितलं. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ माणसं अजून मरत आहेत.

ती मरतात कशी? बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतो, प्राणवायू कमी असतो. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. माणसाला वाटतं वास गेला, धोका टळला. झाकण ढवळलं की अडकलेला वायू एकदम सुटतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. म्हणून बातमीत एकाच टाकीत दोघं, तिघं गेल्याचं वाचायला मिळतं. एक पळी दारू पाजून आणि कमरेला दोरी बांधून हा वायू थांबत नाही.

आपलेच तीन युक्तिवाद

ही घटना मी आमच्या विहारातल्या बैठकीत सांगितली. जे ऐकायला मिळालं ते बाहेरच्यांचं नव्हतं, आपलंच होतं.

पहिला युक्तिवाद, "आपण नाही म्हटलं तर त्या पोरांची रोजी बुडेल." मेलेली जनावरं ओढणं सोडा, असं महाडला 1927 मध्ये सांगितलं गेलं, तेव्हाही हाच युक्तिवाद होता. आपल्या आजोबा-पणजोबांनी उपाशी राहून ते काम सोडलं, म्हणून आज आपण कर्ज काढून घर घेऊ शकतो. जो युक्तिवाद आपल्या पणजोबांसाठी आपल्याला खोटा वाटतो, तो दुसऱ्याच्या पोरासाठी खरा कसा? त्या पोरांना काम हवं आहे, मरण नको. गाडी चालवायला, पंप सांभाळायला माणूस लागतोच. ते काम, हजेरीपटावर नाव आणि विमा त्यांना मिळावा, ही मागणी करा. पुनर्वसन त्याच कायद्यात लिहिलेलं आहे.

दुसरा युक्तिवाद, "हे नगरपालिकेचं काम आहे, आपण काय करणार?" अर्धं खरं आहे. यंत्र, लांब पाइप, वेळापत्रक ही त्यांची जबाबदारी आहे. पण जोपर्यंत घराघरातून अडीच हजारात रात्रीचं काम होतं, तोपर्यंत यंत्राची मागणीच नोंदली जात नाही. कागदावर सगळं बरं दिसतं. स्वस्त माणूस उपलब्ध आहे म्हणून महाग यंत्र येत नाही.

तिसरा युक्तिवाद कोणी मोठ्याने बोलत नाही, पण तो आहे. "ते आपल्यातले नाहीत." हा सगळ्यात वाईट. 1936 मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' लिहिताना बाबासाहेबांनी दाखवून दिलं होतं की जातीची पायरी प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी देते, आणि म्हणूनच ती टिकते. आपण धम्म स्वीकारला तो या पायरीवरून उतरण्यासाठी. पायरीवर वर चढून, घर घेऊन, आपल्या खालच्याला मागच्या दाराने बोलावण्यासाठी नाही. बौद्ध वसाहतींमध्ये, आपल्याच अपार्टमेंटमध्ये टाकी कोण उपसतं, हे एकदा विचारून पाहा. मला मिळालेली उत्तरं मी इथे लिहिली, तर अनेकांना राग येईल.

आणि माझा पराभवही सांगून टाकते. आमची टाकी झाल्यावर पंधरा दिवसांनी, त्याच बोळात पुढच्या घरी, तोच ठेकेदार दोन पोरं घेऊन आला. मला सकाळी कळलं. पोरं सुखरूप होती. मी त्या घरी गेले, कायदा सांगितला. उत्तर मिळालं, "ताई, तुम्ही नवीन आहात, तुमच्यापुरतं बघा." मी तक्रार नोंदवली नाही. नव्या गल्लीत, इतक्या शोधानंतर मिळालेल्या घरात, मला भांडण नको होतं. ज्याला घर मिळणंच मुश्कील असतं, त्याला घर मिळाल्यावर गप्प बसवणं किती सोपं असतं, ते त्या दिवशी कळलं. आता बोळातल्या नऊपैकी तीन घरं एकत्र गाडी बोलवायला तयार झाली आहेत. तीन म्हणजे नऊ नव्हेत. काम चालू आहे.

घर घेणाऱ्यांसाठी

जुनं घर घेणाऱ्या माझ्या बांधवांना आणि भगिनींना पाच गोष्टी सांगते.

1. खरेदीआधी वारसांच्या सह्या, सात-बारा किंवा मिळकत पत्रिका तपासता, तशी सेप्टिक टँकही तपासा. ती कुठे आहे, किती मोठी आहे, शेवटची कधी उपसली, झाकण कुठे आहे, हे विचारा. उत्तर नसेल तर उपसण्याचा खर्च भावातून वजा करायला सांगा.

2. झाकण फरशीखाली पुरलेलं असेल तर वर आणा, म्हणजे पाइप थेट आत जाईल. पावसाचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. शोषखड्डा चालू आहे का ते पाहा.

3. बोळ अरुंद असेल तर टाकीपासून गाडी उभी राहते तिथपर्यंत कायमची पाइप टाकून घ्या. एकदाच खर्च होतो. रंगाच्या आधी हा खर्च करा.

4. दर दोन-तीन वर्षांनी, तुंबायची वाट न पाहता, गाडी बोलवा. टाकी तुंबल्यावर घाई होते, आणि त्या घाईत "दोन पोरं" येतात.

5. ठेकेदाराला पहिल्याच दिवशी सांगा, की या घरात कोणी टाकीत उतरणार नाही. रात्री, स्वस्तात, गुपचूप, कसंही नाही.

आम्ही तिसरी गोष्ट दिवाळीनंतर केली. पाइप कुठून बाहेर काढायची हा प्रश्न होता. सासूबाईंचं मत होतं की ते मागचं दार विटांनी बुजवून टाकावं, तसली आठवण घरात नको. माझं मत होतं की तसंच ठेवावं, मुलीला कळू दे. गवंडीमामांनी दोघींकडे पाहिलं आणि विचारलं, "पाइप इथूनच नेऊ का? भिंत फोडायचा खर्च वाचेल."

आता त्या दारातून चार इंची पाइप बाहेर जाते. बाकीची जागा विटांनी बुजवली, पण चौकट दिसते. मुलीने परवा तिच्या मैत्रिणीला सांगितलं, "इथून पूर्वी माणसं यायची घाण न्यायला. आता पाइप नेते. आईनं सांगितलंय, माणसाला कधीच न्यायला लावायचं नाही." मैत्रिणीने विचारलं, "आमच्या घरी कोण नेतं?"

हा प्रश्न आपापल्या घरी विचारायला हवा. गृहप्रवेशाच्या दिवशी विचारला तर उत्तम. गृहप्रवेश होऊन वीस वर्षं झाली असतील, तर आज संध्याकाळी विचारा.

जय भीम. नमो बुद्धाय.